इओसिनोफिल पेशी कुणाचे ऐकते?



रक्ताच्या साध्या तपासणीचा कागद हातात आला की बहुतेकांची नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते आणि मग पांढऱ्या पेशींच्या पाच ओळींवर. त्यातल्या इओसिनोफिलच्या ओळीपुढचा आकडा जाड टाइपात छापलेला असेल, तर घरातल्या घरात निदान होऊन जाते: ‘याला इओसिनोफिलिया आहे.’ सर्दी, शिंका, रात्रीचा खोकला, छातीतली घरघर, अंगावर उठणारे पित्त, सगळे त्या आकड्याच्या खात्यावर जमा होते. आकडा उतरला की आजार गेला आणि चढला की आजार परतला, असा हिशेब मग वर्षानुवर्षे चालतो. आज मला जे मांडायचे आहे ते या हिशेबाच्या विरुद्ध आहे. ॲलर्जीच्या आजारांत, विशेषतः दम्यात, इओसिनोफिल पेशी नुकसान करतात याबद्दल वाद नाही. पण ही पेशी स्वतःच्या मनाने फारसे काही करत नाही. तिने कधी तयार व्हावे, रक्तातून कुठे उतरावे, किती दिवस जगावे आणि आपल्या पोटातले जहाल प्रथिन कुठे ओतावे, हे तिला दुसऱ्या पेशींनी सोडलेले संदेशरेणू सांगत असतात. तेव्हा नुसत्या पेशी मोजून आजार कळत नाही. तिला कोण सांगते आहे आणि काय सांगते आहे, ते पाहावे लागते. गेल्या चाळीस वर्षांतले प्रयोग, आणि त्यांतले फसलेले प्रयोग तर जास्तच, हेच दाखवतात असे माझे म्हणणे आहे.

या पेशीची ओळख रंगामुळे झाली. १८७९ मध्ये जर्मनीत पॉल अर्लिक यांनी काचपट्टीवर वाळवलेल्या रक्ताच्या पातळ थराला इओसिन हा तांबूस रंग दिला, तेव्हा काही पेशींतले दाणे तो रंग भरपूर शोषून घेतात असे त्यांना दिसले. आजही सूक्ष्मदर्शकाखाली नवशिक्या विद्यार्थ्यालाही ही पेशी चटकन ओळखता येते: बारीक धाग्याने जोडलेल्या दोन पाळ्यांचे केंद्रक आणि उरलेली सगळी जागा विटकरी-नारिंगी दाण्यांनी गच्च भरलेली. अर्लिक यांच्या काही वर्षे आधी, १८७२ मध्ये, लायडेन यांनी दमेकऱ्यांच्या बेडक्यात दोन्ही टोकांना निमुळते होत गेलेले रंगहीन स्फटिक पाहिले होते. शार्को यांनी तसले स्फटिक त्याहीपूर्वी नोंदवलेले असल्यामुळे आज ते दोघांच्या नावाने ओळखले जातात. ते याच पेशीतल्या गॅलेक्टिन-१० या प्रथिनाचे असतात, हे कळायला पुढचे शतक उजाडावे लागले. म्हणजे दमा आणि ही पेशी यांची जोडी फार जुनी. पण या जोडीचा अर्थ काय, यावर मत एकदा साफ उलटले आहे. १९७०च्या दशकात अनेक अभ्यासक तिला ॲलर्जी शमवणारी पेशी मानत, कारण हिस्टामिनसारखी द्रव्ये मोडून टाकणारी विकरे तिच्यात सापडली होती. मग मेयो क्लिनिकमधील जेराल्ड ग्लाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या दाण्यांतले मुख्य प्रथिन वेगळे काढले. श्वासनलिकेच्या अस्तराच्या पेशी त्या प्रथिनाने मरून सुटतात आणि दमेकऱ्यांच्या बेडक्यात ते तेवढ्या घातक प्रमाणात असते, असे त्यांनी दाखवले. शमवणारी पेशी दशकभरात आरोपी ठरली. पेशी तीच होती, दाणेही तेच होते. तिला चांगली किंवा वाईट ठरवण्याच्या नादात, ती ज्यांच्या सांगण्यावरून वागते त्यांच्याकडे कुणाचे पुरेसे लक्ष गेले नव्हते.

त्या काळात ॲलर्जीचे जे स्पष्टीकरण सर्वमान्य होते, त्यातही या पेशीला फारसे स्थान नव्हते. १९२१ मध्ये ब्रेस्लाऊ येथे संशोधक क्युस्टनर यांचा रक्तद्रव त्यांचे सहकारी प्राउसनिट्झ यांच्या त्वचेत टोचण्यात आला. क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच तिथे गांधी उठली. ॲलर्जीचा कारक रक्तद्रवात असतो, हे यातून सिद्ध झाले. त्या कारकाला नाव मिळायला साडेचार दशके लागली. १९६६ मध्ये डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने, आणि पाठोपाठ स्वीडनमधील योहान्सन आणि बेनिश यांनी, आयजीई हे प्रतिपिंड ओळखले. हे प्रतिपिंड मास्ट नावाच्या पेशींना चिकटून बसते आणि ज्याची ॲलर्जी आहे नेमका तो परागकण किंवा धुळीतला कण आला की मास्ट पेशी हिस्टामिन सोडते. काही मिनिटांत शिंका, खाज, गांधी. हे स्पष्टीकरण अचूक आहे, पण ते मिनिटांचे आहे. दमेकऱ्याला ॲलर्जीकारक द्रव्य हुंगवले तर पंधरा-वीस मिनिटांत छाती आवळते, मग मोकळी होते, आणि त्यांतल्या अनेकांना चार ते आठ तासांनी पुन्हा धाप लागते. ही दुसरी धाप हिस्टामिनविरोधी गोळीने आवरत नाही. मुळात दमा हा वर्षानुवर्षांचा आजार आहे, मिनिटांचा नाही. मिनिटांत जे घडते त्याचा हिशेब आयजीईने दिला, पण वर्षांचा हिशेब शिल्लकच राहिला.

तो हिशेब मांडायची सुरुवात १९८६ मध्ये झाली. कॅलिफोर्नियात मोझमन आणि कॉफमन यांनी उंदरांच्या टी पेशींचे दोन गट दाखवले. दोन्ही गट दिसायला सारखे, पण त्यांनी सोडलेले संदेशरेणू वेगळे. त्यांतला दुसरा गट, म्हणजे टीएच-२, ॲलर्जीच्या बाजूचा निघाला. त्याचे तीन संदेशरेणू आपल्या कामाचे आहेत आणि त्या तिघांची कामे वेगळी आहेत. इंटरल्यूकिन-४ बी पेशींना आयजीई बनवायला लावतो. इंटरल्यूकिन-१३ श्वासनलिकेच्या अस्तराला कफ तयार करायला लावतो आणि तिथल्या स्नायूंना चिडखोर बनवतो. इंटरल्यूकिन-५ जवळजवळ फक्त इओसिनोफिलशी बोलतो. तिघांची जनुके पाचव्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात, त्यामुळे ती बऱ्याचदा एकत्रच जागी होतात. १९८८ मध्ये शुद्ध इंटरल्यूकिन-५ माणसाच्या पांढऱ्या पेशींवर घालून पाहिले गेले. इओसिनोफिल आक्रमक झाल्या, त्याच रक्तातल्या न्यूट्रोफिल ढिम्म राहिल्या. १९९२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ॲलर्जीजन्य दम्याच्या रुग्णांच्या फुप्फुसातून धुऊन काढलेल्या टी पेशींत इंटरल्यूकिन-४ आणि ५ यांच्या जनुकांचे काम चालू असल्याचे दाखवले. उंदरांतला हिशेब माणसालाही लागू होता.

आता हे सगळे क्रमाने कसे घडते ते जवळून पाहू. गादीतल्या धुळीत माइट नावाचे सूक्ष्म किडे असतात. त्यांच्या विष्ठेत प्रथिने पचवणारे एक विकर असते. ते श्वासाबरोबर आत गेले की श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे सांधे तोडते. दुखावलेले अस्तर टीएसएलपी आणि इंटरल्यूकिन-३३ असे धोक्याचे संदेश सोडते. ते ऐकणाऱ्यांत टी पेशी तर असतातच, शिवाय २०१० च्या सुमारास ओळखल्या गेलेल्या, आयएलसी-२ नावाच्या जन्मजात पेशीही असतात. या जन्मजात पेशींना ॲलर्जीकारक द्रव्य ओळखावे लागत नाही. धोक्याचा संदेश मिळताच त्या इंटरल्यूकिन-५ आणि १३ मुबलक प्रमाणात सोडू लागतात. इंटरल्यूकिन-५ रक्तातून अस्थिमज्जेत पोहोचतो. तिथे अर्धवट तयार झालेल्या इओसिनोफिलच्या पृष्ठभागावर त्याचा ग्राही असतो. ग्राहीला रेणू चिकटला की पेशीच्या आतल्या बाजूचे जॅक-२ हे विकर जागे होते, ते स्टॅट-५ या प्रथिनाला फॉस्फेट जोडते आणि ते प्रथिन केंद्रकात शिरून जनुके चालू करते. पेशी पक्व होऊन रक्तात उतरते. पण रक्तात उतरलेली पेशी आपण होऊन फुप्फुसात जात नाही. त्यासाठी इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांनी तिथल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर पेशीला पकडणारे रेणू उभे करावे लागतात, आणि अस्तराला इओटॅक्सिन सोडायला लावावे लागते. इओटॅक्सिनचा माग काढत पेशी ऊतीत शिरते. एकट्याने ती तिथे फार दिवस टिकली नसती. इंटरल्यूकिन-५ भोवती असेल तर तिचे मरण लांबते. शेवटी आणखी एक चिथावणी मिळाली की दाण्यांतले प्रथिन बाहेर पडते. अस्तर सुटते आणि श्वासनलिका आवळणाऱ्या चेतातंतूंवरचा लगामही सुटतो, कारण हे प्रथिन त्या लगामाच्या ग्राहीलाच अडवते.

या साखळीतली एक कडी मला विशेष महत्त्वाची वाटते. इंटरल्यूकिन-५ मिळालेली पेशी लगेच दाणे ओतत नाही, ती नुसती तयार होऊन बसते. तेलात भिजलेली वात आपण होऊन पेटत नाही, पण काडी लागताच पेटते. कोरड्या वातीचे तसे होत नाही. ही केवळ कल्पना नाही. १९९० मध्ये लंडनच्या संशोधकांनी असे उंदीर तयार केले, ज्यांच्या शरीरात इंटरल्यूकिन-५ सतत आणि भरमसाट तयार होई. त्यांच्या रक्तात इओसिनोफिलचा अक्षरशः पूर आला. संख्येवरच सगळे ठरत असते, तर हे उंदीर आजारी पडून मेले असते. ते व्यवस्थित जगले. एका संदेशाने संख्या वाढली, पण नुकसान करायला दुसरा संदेश लागतो आणि तो कुणी दिलाच नव्हता. रक्ततपासणीच्या कागदावरच्या आकड्याबद्दल यापेक्षा स्पष्ट साक्ष मला माहीत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो जोरदार आहे. संदेश हेच जर मूळ, तर तो अडवला की आजार थांबायला हवा. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी इंटरल्यूकिन-५ चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत दम्याची लक्षणे उमटत नाहीत असे दाखवले, आणि सगळ्यांना वाटले की औषध हाती आले. मग मेपोलिझुमॅब हे प्रतिपिंड बनवले गेले. ते रक्तातच इंटरल्यूकिन-५ ला धरते आणि पेशीपर्यंत पोहोचू देत नाही. २००० मध्ये त्याच्या पहिल्या चाचणीचा निकाल लॅन्सेट या नियतकालिकात आला. एका डोसने रक्तातल्या इओसिनोफिल जवळजवळ नाहीशा झाल्या आणि कित्येक आठवडे नाहीशाच राहिल्या. पण ॲलर्जीकारक द्रव्य हुंगवल्यावर येणारी उशिराची धाप तशीच आली, श्वासनलिकेचा चिडखोरपणाही तसाच राहिला. २००७ मध्ये ३६२ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीतही ठळक फायदा दिसला नाही. अनेकांनी तेव्हा हा अध्याय बंद केला. इओसिनोफिल ही केवळ साक्षीदार आहे, दमा कुणा दुसऱ्याचेच काम आहे, असे लिहिले गेले.

हा निष्कर्ष घाईचा होता, आणि तो का घाईचा होता हे मला तपशिलाने सांगायला हवे, कारण माझा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. २००३ मध्ये हेच औषध घेतलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेचे तुकडे काढून पाहिले, तेव्हा रक्त जवळजवळ रिकामे झालेले असूनही ऊतीतल्या पेशी निम्म्याच्या आसपासच घटलेल्या आढळल्या. पेशी एकदा ऊतीत उतरली की तिथे तिला सांभाळणारे दुसरे संदेशही असतात, जीएम-सीएसएफ हा त्यांतला एक. म्हणजे रक्तातला आकडा शून्याकडे गेला, तरी फुप्फुसातला संवाद चालूच होता. दुसरे, त्या चाचण्यांत रुग्ण निवडताना फक्त दमा पाहिला होता. ज्यांच्या दम्यात इंटरल्यूकिन-५ मुख्य सूत्रधार नाही, तेही त्यांत होते. तिसरे, मोजमाप चुकीच्या गोष्टीचे झाले. हुंगवल्यावरची धाप आणि रोजचा फुंकरीचा आकडा हे स्नायू आणि मास्ट पेशी यांचे मोजमाप आहे. इओसिनोफिलचे खरे काम अधूनमधून उसळणाऱ्या, रुग्णाला रुग्णालयात नेणाऱ्या झटक्यांत दिसते. २००९ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर आणि कॅनडामधील हॅमिल्टन इथल्या दोन गटांनी नेमके हेच बदलले. त्यांनी स्टेरॉइड घेऊनही ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल शिल्लक राहतात, तेवढेच रुग्ण निवडले आणि झटके मोजले. लेस्टरच्या ६१ रुग्णांत औषध घेणाऱ्यांना वर्षभरात सरासरी २ झटके आले, न घेणाऱ्यांना ३.४. परमेश्वरन नायर यांच्या हॅमिल्टनमधील २० जणांच्या चाचणीत नकली इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी दहाजणांना मिळून १२ झटके आले. औषध घेणाऱ्यांपैकी एकालाच झटका आला. २०१४ मध्ये ५७६ रुग्णांच्या चाचणीने तेच पक्के केले आणि झटके जवळपास निम्म्यावर आले. औषध तेच होते, पेशी तीच होती. फक्त यावेळी ज्याच्या शरीरात तो संदेश खरोखर चालू आहे, त्यालाच तो अडवणारे औषध दिले गेले.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. बेनरालिझुमॅब हे औषध इंटरल्यूकिन-५ ला अडवून थांबत नाही. ते त्याच्या ग्राहीला चिकटते आणि शरीरातल्या मारक पेशींकडून इओसिनोफिलचा नायनाट करवते. त्यानेही दम्याचे झटके कमी होतात. मग पेशी मारल्याने भागत असेल, तर संदेशांचे एवढे कौतुक कशाला? याला दोन उत्तरे आहेत. पेशी जवळजवळ पूर्ण नाहीशा करूनही झटके पूर्ण नाहीसे होत नाहीत, निम्म्याच्या आसपास कमी होतात. इंटरल्यूकिन-१३ ने चालवलेला कफ आणि स्नायूंचा चिडखोरपणा मागे उरतोच. उंदरांतही हेच गूढ पुढे आले: २००४ मध्ये सायन्स या नियतकालिकाच्या एकाच अंकात इओसिनोफिल नसलेल्या दोन वेगवेगळ्या उंदरांचे वृत्तान्त आले. एकात श्वासनलिका चिडखोर झालीच नाही, दुसऱ्यात ती झाली, पण तिच्या भिंतीचे जाड होणे मात्र टळले. एकाच पेशीच्या अभावाने सारे ठरत असते, तर हे दोन निकाल वेगळे पडले नसते. दुसरे उत्तर अधिक बोलके आहे. ड्युपिलुमॅब हे औषध इंटरल्यूकिन-४ आणि १३ या दोघांच्या सामाईक ग्राहीला अडवते. इंटरल्यूकिन-५ ला ते हात लावत नाही. हे औषध सुरू केल्यावर काही रुग्णांच्या रक्तात इओसिनोफिलची संख्या काही काळ चक्क वाढते, आणि तरी त्यांचा दमा सुधारतो. कारण सरळ आहे: अस्थिमज्जेतून पेशी येत राहतात, पण फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांवर त्यांना पकडणारे रेणूच नाहीत, इओटॅक्सिनही कमी, म्हणून त्या रक्तातच अडकून पडतात. आकडा वर आणि आजार खाली, असे एकाच माणसात एकाच वेळी दिसले, तर आकड्याला आजार म्हणण्याचा आग्रह सोडावाच लागतो. साखळीच्या सुरुवातीलाच टीएसएलपी अडवणाऱ्या टेझेपेलुमॅबचा २०२१ मधला निकाल त्याच दिशेने जातो. रक्तात इओसिनोफिल कमी असलेल्या रुग्णांनाही त्याचा काही फायदा झाला.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. पाश्चात्त्य रुग्णालयांत ठीक आहे, पण जिथे जंत आणि फायलेरिया म्हणजे हत्तीरोग अजून आहेत तिथे इओसिनोफिल वाढणे म्हणजे ॲलर्जी कशी? हा आक्षेप बरोबर आहे. तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात वाटतो, पण प्रत्यक्षात त्याला बळच देतो. १९४० मध्ये आंध्रातल्या मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामात काम करणाऱ्या फ्रिमोट-मोलर आणि बार्टन यांनी क्षयासारख्या दिसणाऱ्या, पण क्षय नसलेल्या आणि रक्तात इओसिनोफिलचा उच्चांक असलेल्या आजाराचे वर्णन केले. १९४३ मध्ये भारतात काम करणाऱ्या वाइनगार्टन यांनी त्याला उष्णकटिबंधीय इओसिनोफिलिया म्हटले. रात्रीचा खोकला, घरघर, धाप, सगळे दम्यासारखे, आणि रक्तात दर मायक्रोलिटरला तीन हजारांहून अधिक इओसिनोफिल, जिथे पाचशेच्या वर गेल्या तरी जास्त म्हणतात. पुढे कळले की हा हत्तीरोगाच्या सूक्ष्म जंतांना शरीराने दिलेला अतिरेकी प्रतिसाद आहे. डायइथिलकार्बामॅझिन या स्वस्त गोळीने तो बरा होतो, दम्याच्या औषधाने नाही. आपल्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या पट्ट्यात हत्तीरोग नवा नाही, त्यामुळे ही शक्यता आपल्या डॉक्टरांनी मनात ठेवावीच लागते. इथेही पेशी तीच आणि तिला वाढवणारा संदेशही बहुधा इंटरल्यूकिन-५ च, पण तो सोडायला लावणारा वेगळा, म्हणून उपायही वेगळा. एकच आकडा दोन आजारांत सारखा येतो, यावरूनच तो आकडा म्हणजे आजार नव्हे हे ठरते.

आणि याची दुसरी बाजू, म्हणजे एकाच नावाखाली वेगवेगळी कारणे, पुण्यात पाहायला मिळाली आहे. पुण्याच्या परिसरात १९५०च्या दशकात नोंदले गेलेले गाजरगवत, ज्याला लोक काँग्रेस गवत म्हणतात, शेतात आणि पडीक जागी पसरले आणि ते हाताळणाऱ्या कष्टकऱ्यांच्या तोंडावर, मानेवर, हातांवर चिवट इसब उठू लागले. यालाही आपण ॲलर्जीच म्हणतो, आणि ती ॲलर्जी आहेच. पण इथे आयजीई आणि मास्ट पेशी यांची भूमिका गौण. त्या गवतातल्या पार्थेनिन या द्रव्याला ओळखणाऱ्या टी पेशी दोन-तीन दिवसांनी जमून दाह घडवतात. म्हणून शिंकांना लागू पडणारी हिस्टामिनविरोधी गोळी इथे फार तर खाज थोडी कमी करते. ॲलर्जी या एका नावाखाली इतके वेगवेगळे संवाद चालतात. कोणता संवाद चालू आहे हे न पाहता दिलेले औषध म्हणजे अंधारात मारलेला दगड.

शेवटचा आक्षेप भीतीचा आहे. शरीराने हे संदेश उगाच का ठेवले असतील, ते बंद केले तर जंत, संसर्ग आपल्याला गिळणार नाहीत का? ही भीती निराधार नाही. प्रयोगांत इओसिनोफिल काही जंतांविरुद्ध उपयोगी पडतात, म्हणून ही इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी जंतांचा संसर्ग असेल तर तो आधी बरा करावा असे सांगितले जाते, आणि आपल्या देशात ती सूचना कागदावर ठेवण्यापुरती नाही. स्ट्राँगिलॉइड जातीचे जंत शरीरात लपलेले असताना भरपूर स्टेरॉइड दिले, तर ते जिवावर बेतू शकते, हेही वैद्यकाला माहीत आहे. पण एक संदेश अडवणे आणि सगळी प्रतिकारशक्ती झोपवणे यांत फार अंतर आहे. पोटात घेतलेले स्टेरॉइड अनेक संदेश एकदम दाबते, म्हणून हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, संसर्ग वाढतात. इंटरल्यूकिन-५ एकटा अडवला तर इओसिनोफिल आणि तिचा जवळचा नातलग बेसोफिल एवढ्यांवरच परिणाम होतो. बाकीच्या पांढऱ्या पेशी आपले काम करत राहतात. हॅमिल्टनच्या त्या छोट्या चाचणीतही रुग्णांची पोटातली प्रेडनिसोन बरीच खाली आणता आली होती. नेमकेपणाचा फायदा हाच.

पण ही इंजेक्शने महाग आहेत. आपल्याकडच्या बहुसंख्य दमेकऱ्यांपर्यंत ती उद्या पोहोचणार नाहीत, आणि पोहोचावी लागतीलच असेही नाही, कारण ती ज्यांना खरोखर लागतात ते रुग्ण थोडे. बाकीच्यांसाठी संदेश अडवणारे औषध गेली कित्येक दशके औषधाच्या दुकानात उभे आहे: ओढण्याचे स्टेरॉइड. ते श्वासनलिकेच्या अस्तरातल्या आणि टी पेशींच्या आत शिरून याच संदेशरेणूंची जनुके दाबते आणि ऊतीत साचलेल्या इओसिनोफिलना मरू देते. पोटातल्या गोळीपेक्षा डोस कितीतरी कमी, कारण औषध जिथे हवे तिथेच पडते. याउलट सॅलब्युटामॉलचा पंप फक्त आवळलेले स्नायू सैल करतो; संदेशांना तो स्पर्शही करत नाही. रुग्णाला मात्र पहिल्याचा फायदा जाणवत नाही आणि दुसऱ्याचा काही मिनिटांत जाणवतो, म्हणून तो पहिला बंद करतो आणि दुसरा ओढत राहतो. २०१९ मध्ये दम्यावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी नुसत्या सॅलब्युटामॉलवर दमा सांभाळणे यापुढे योग्य नाही असे स्पष्ट म्हटले, ते याच कारणासाठी. आपल्याकडे ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत अजून घट्ट आहे. सवय लागते ती सुटकेची. दाह चालूच राहतो आणि एक दिवस त्याचा झटका होतो.

श्रोतेहो, माझ्या म्हणण्याचा गोषवारा थोडक्यात देतो. इओसिनोफिल निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. तिच्या दाण्यांनी होणारे नुकसान खरे आहे. पण तिला दिलेल्या संदेशांच्या संगतीवाचून ते नुकसान होत नाही आणि तिचा नुसता आकडा त्या संदेशांबद्दल फार थोडे सांगतो. म्हणून पुढच्या वेळी रक्ताच्या कागदावर हा आकडा वाढलेला दिसला, तर त्यालाच आजार समजून गोळ्या घेऊ नका. धाप लागते का, रात्री खोकला उठवतो का, फुंकरीची तपासणी काय सांगते आणि जंत किंवा हत्तीरोग यांची शक्यता आहे का, हे डॉक्टरांना विचारा. आणि ज्याला दमा आहे, त्याने बरे वाटत असतानाही ओढण्याचे स्टेरॉइड सांगितल्याप्रमाणे रोज घ्यावे. अंगात बोलणारा तो संदेश बरे वाटते म्हणून गप्प झालेला नसतो.